रंगूनच्या आगबोटी, १९१९ ते १९४२ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजोबा रंगूनला नोकरीला होते, आजीच्या माहेरी तिथलं लाखेचं तबक होतं, जुन्या वाड्याचे खांब बर्मा सागवानाचे आहेत. अशा एखाद्या धाग्यावरून बरेच वाचक रंगूनच्या, म्हणजे ब्रह्मदेशातल्या आजच्या यांगूनच्या, आगबोटींच्या विषयापाशी येतात आणि मग तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, विशेषतः डेकवरच्या प्रवाशांबद्दलची. या बंदराचा इतिहास बहुतेक ठिकाणी सलूनमधून, म्हणजे बोटीवरच्या वरच्या वर्गाच्या दालनातून, आणि क्लबातून सांगितला जातो. बोटी भरत होत्या त्या मात्र डेकवर, आणि त्या माणसांना त्यांची जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रंगून समुद्रकाठी आहे ना? मग त्याला नदीबंदर का म्हणायचं?

रंगून समुद्रापासून साधारण २१ मैल आत, रंगून नदीच्या उत्तर तीरावर आहे. बंगालच्या उपसागरातून आलेली बोट आधी नदीच्या मुखाशी पायलटची, म्हणजे नदीतली वाट दाखवणाऱ्या वाटाड्याची, वाट बघायची. एलिफंट पॉइंट मागे टाकून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सखल, चिखलाचे काठ. शहराच्या अलीकडे, पेगू नदी आणि पझुनडाँगची खाडी जिथं मिळते तिथं, हेस्टिंग्ज शोल नावाचा गाळाचा उंचवटा होता. मोठ्या बोटींना तो भरतीच्या पाण्यावरच ओलांडता येई. वेळ चुकली तर शहर नजरेच्या टप्प्यात असूनही नांगर टाकून थांबावं लागे. सीरियमच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची धुराडी आणि टेकडीवरच्या श्वेडगॉन पॅगोडाचा सोनेरी कळस लांबूनच दिसू लागत.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथलं पाणी १८-२० फूट चढतं-उतरतं. त्यामुळे शहरासमोरच्या बऱ्याच जेट्टी तरंगत्या होत्या. पाण्याबरोबर वरखाली होणारा लोखंडी तराफा आणि तिथून काठापर्यंत बिजागरीवरचा पूल, अशी त्यांची रचना. भरतीला हा पूल जवळजवळ सपाट असे. ओहोटीला त्याला असा चढ येई, की डोक्यावर ट्रंक घेतलेल्या माणसाला पुढच्याच्या टाचांकडे बघत एकेक पाऊल टाकावं लागे. मोठ्या बोटी सुले पॅगोडा धक्क्याला लागत, नाहीतर नदीच्या मध्यावर बोयांना बांधल्या जात. मग काठाकडे यायला सांपान, म्हणजे उभ्यानं वल्हवायची छोटी होडी. ती चालवणारे बहुतेक चितगावचे.

महाराष्ट्रातून रंगूनला जायचं तर रस्ता कोणता?

नेहमीचा रस्ता कलकत्त्याचा. मुंबईहून नागपूरमार्गे रेल्वेनं हावडा, तिथून हुगळीकाठचा औट्रम घाट आणि औट्रम घाटावरून रंगूनची डाकबोट. दुसरा रस्ता मद्रासचा, म्हणजे रेल्वेनं मद्रास आणि तिथून पुढं बोट.

कलकत्त्याच्या रस्त्यात एक गंमत आहे. तो एका नदीत सुरू होतो आणि दुसऱ्या नदीत संपतो. हुगळीतून समुद्रापर्यंतच ऐंशी-नव्वद मैल, तेही सारखा सरकणारा गाळ चुकवत, तिथल्या नावाजलेल्या पायलटांच्या भरवशावर. मग उपसागर, मग रंगूनची नदी. सगळं मिळून दोन-तीन रात्री. ऑक्टोबर ते मार्च समुद्र शांत असतो, पण जून ते सप्टेंबर उपसागर असा खवळतो की सरावलेल्या माणसालाही बोट लागे. डेकवर तर पावसाचे सपकारे आणि लाटांचे फवारे दोन्ही अंगावर.

या मार्गावर बोटी कोणाच्या होत्या?

उपसागरावर राज्य होतं ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं. लोक तिला नुसतं 'बी.आय.' म्हणत. विल्यम मॅकिनन या स्कॉटिश व्यापाऱ्यानं १८५६ साली ती 'कलकत्ता अँड बर्मा' या नावानं काढली, ती याच मार्गावर सरकारी डाक नेण्यासाठी. १९१४ मध्ये ती पी. अँड ओ. या बड्या ब्रिटिश बोट कंपनीच्या छत्राखाली आली, तरी नाव आणि बोटी वेगळ्याच राहिल्या. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे दिसले, की बोट बी.आय.ची.

कलकत्ता–रंगून डाकमार्गावर 'अँगोरा', 'अरंकोला' आणि 'अरोंडा' या १९११-१२ च्या सुमारास बांधलेल्या बोटी बरीच वर्षं धावल्या. त्यांतल्या 'अँगोरा'ला पहिल्या महायुद्धात समुद्रात सुरुंग पेरायच्या कामाला लावलं होतं. युद्ध संपल्यावर ती पुन्हा प्रवाशांकडे आली. १९३८ मध्ये 'आम्रा' आणि १९३९ मध्ये 'अस्का' या नव्या बोटी आल्या. त्यांच्या वाट्याला शांततेचा काळ फारच थोडा आला.

इंग्लंडहून थेट येणाऱ्या दोन कंपन्या वेगळ्या. एक लिव्हरपूलची बिबी लाइन, दुसरी ग्लासगोची हेंडरसन. बिबीच्या बोटींना इंग्लंडमधल्या परगण्यांची नावं असत आणि त्या फक्त पहिल्या वर्गाचे प्रवासी घेत. हेंडरसनच्या बोटींची नावं ब्रह्मी : 'सगाइंग', 'अमरापुरा', 'योमा', 'पेगू'. हा प्रवास जवळजवळ महिन्याभराचा.

डेक पॅसेंजर म्हणजे नेमकं काय?

ज्याला केबिन नाही, बंक नाही, ठरलेली जागाही नाही, असा प्रवासी. १९२३ च्या भारतीय व्यापारी जहाज कायद्यात अशा प्रवाशांची वेगळी व्याख्याच आहे. ज्याच्यासाठी केबिनमध्ये, स्टेटरूममध्ये वा सलूनमध्ये स्वतंत्र जागा राखलेली नाही, तो त्यात येतो. एका बोटीवर असे किती लोक घ्यायचे हे डेकच्या क्षेत्रफळावरून ठरे आणि चांगल्या हंगामासाठी व पावसाळ्यासाठी आकडे वेगवेगळे असत. आकडे किती मोठे होते, याची कल्पना 'राजुला'वरून येते. १९२६ साली बांधलेली ही बी.आय.ची बोट मद्रास–सिंगापूर मार्गावर होती, रंगूनच्या नव्हे. तिला ५,१०० हून अधिक डेक प्रवासी न्यायचा परवाना होता.

बोटीवर चढल्या चढल्या पहिलं काम जागा धरण्याचं. दोघंतिघं पुढं धावत आणि चटई नाहीतर घोंगडी अंथरून तिच्या चार कोपऱ्यांवर ट्रंक, पितळी हंडा, वळकटी ठेवत. तेवढी चौकट म्हणजे पुढच्या तीन रात्रींचं घर. इंजिनाच्या भिंतीला चिकटलेली जागा थंडीत चांगली, एरवी भाजून काढणारी. संडासाजवळची जागा शेवटी येणाऱ्याला. जनावरं, कोंबड्यांच्या पाट्या, भाज्यांची पोती हे सगळं त्याच डेकवर असे. वर ऊन-पावसासाठी ताडपत्री. बोटीवर स्वयंपाकघर असे, तरी सोवळं-ओवळं आणि पैसे या दोन्ही कारणांनी बरेच जण पोहे, चुरमुरे, गूळ, भाजलेले चणे बरोबर बांधून आणत.

गांधीजी १९१५ मध्ये कलकत्त्याहून रंगूनला मुद्दाम डेकवरून गेले. त्यांनी पुढे जे लिहिलं ते वाचवत नाही. न्हाणीघर किळसवाणं आणि संडासात जायचं तर घाणीतून चालत जा किंवा उड्या मारत जा, अशी अवस्था होती. तिकडे वर, त्याच बोटीच्या सलूनमध्ये, पांढरे टेबलक्लॉथ होते. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत नियम थोडे कडक झाले, नव्या बोटींवर नळ आणि पंखे आले, पण मूळ हिशेब बदलला नाही. डेकचं तिकीट स्वस्त होतं, म्हणून कंपनीनं त्या माणसासाठी काही करणं लागत नाही, असा तो हिशेब. हजारो स्वस्त तिकिटांची बेरीज केली की कंपनीचा खरा धंदा कुणाच्या जिवावर चालला होता ते लगेच कळतं.

हे सगळे लोक होते कोण?

सर्वांत मोठा गट तेलुगूभाषकांचा. गोदावरी, विशाखापट्टणम, गंजाम या भागांतून ते येत आणि रंगूनमध्ये हमाली, गिरण्यांतलं काम, रिक्षा ओढणं, सफाई अशी अंगमेहनतीची कामं करत. कोरिंगा बंदरावरून त्यांना 'कोरिंगी' म्हणत, आणि पुढे तो शब्द तुच्छतेनं वापरला गेला. चितगावचे लोक खलाशी आणि नावाडी. तमिळ मुलखातून मजूर आणि चेट्टियार सावकार. शिवाय ओडिया, बिहारी, पंजाबी, गुजराती व्यापारी, बंगाली कारकून, वकील आणि डॉक्टर.

मजूर सहसा एकटा येत नसे. गावातला मुकादम, तिकडं त्याला मेस्त्री म्हणत, आगाऊ पैसे आणि तिकीट देऊन टोळी उभी करी. रंगूनला पोचल्यावर ते पैसे मजुरीतून वळते होत. पहिले काही महिने माणूस आपलं तिकीटच फेडत असे.

तेलुगू किनाऱ्यावर मोठी बंदरं नव्हती. मग लोक बोटीत चढत कसे?

गोपाळपूर, भीमुनीपट्टणम, काकिनाडा अशा ठिकाणी आगबोट काठाला लागत नसे. ती बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. विशाखापट्टणमचं आतलं बंदरसुद्धा १९३३ मध्ये खुलं झालं. गोपाळपूरसारख्या उघड्या किनाऱ्यावर आगबोट आणि वाळू यांच्यामध्ये फुटणाऱ्या लाटांच्या रांगा, आणि त्या पार करायच्या मसुला होडीतून.

या होडीत खिळा नसतो. फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या असतात, शिवणीत गवत ठासलेलं असतं. खिळ्यांची होडी वाळूवर आदळून फुटेल, शिवलेली होडी लवते आणि वाचते. आठ-दहा वल्हेकरी एका सुरात ओरडत लाटेची वाट बघत, ती फुटली की जीव खाऊन वल्हवत, पुढची येण्याआधी बाहेर पडत. आत चाळीस-पन्नास माणसं पोरांना कवटाळून तळाशी बसलेली, पायाखाली घोट्याएवढं पाणी. आगबोटीपाशी पोचल्यावर दुसरीच परीक्षा. होडी पाच-सहा फूट वर जाते, तेवढीच खाली येते, आणि वर आली की शिडीची पायरी पकडायची. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या शेतमजुराचा परदेश प्रवास असा सुरू होई. अधिकाऱ्यांच्या आठवणींमधून या होड्या 'मौजेचा अनुभव' म्हणून येतात. तळाशी बसलेल्यांना तो तसा वाटला असेल असं मला वाटत नाही.

त्या काळी रंगूनला न्यूयॉर्कपेक्षा जास्त लोक उतरत, हे खरं का?

१९२७ च्या सुमारास रंगूनला वर्षाकाठी चार लाखांच्या आसपास माणसं उतरत होती, आणि स्थलांतराच्या बंदरांमध्ये ते जगात पहिलं होतं असं म्हटलं जातं. विधान खोटं नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, अमेरिकेनं १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली होती, त्यामुळे न्यूयॉर्कचा आकडा तोवर कोसळला होता. दोन, रंगूनला उतरणारे बहुतेक लोक कायमचे येत नव्हते. भात कापणी आणि गिरण्यांच्या हंगामाला यायचं, उन्हाळ्यात परत जायचं, दोन-तीन वर्षांनी पुन्हा यायचं. एकच माणूस आयुष्यात पाच-सहा वेळा मोजला गेलेला असू शकतो.

तरीही शहरावर याचा परिणाम प्रचंड होता. १९३१ च्या जनगणनेत रंगूनची लोकसंख्या चार लाख होती आणि तीत दोन लाखांहून अधिक भारतीय, म्हणजे निम्म्याहून जास्त. ब्रह्मदेशाच्या राजधानीत ब्रह्मी माणूस अल्पसंख्य होता. पुढचा इतिहास समजून घ्यायचा तर हा एक आकडा कायम समोर ठेवावा लागतो.

पासपोर्ट लागत असे का?

नाही. ३१ मार्च १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. कागदोपत्री हा देशातल्या देशातला प्रवास. १ एप्रिल १९३७ ला तो वेगळा झाला, तरी ये-जा लगेच थांबवली गेली नाही. वैद्यकीय तपासणी मात्र असे, आणि मजुरांना देवीची लस टोचली जाई. वरच्या वर्गाच्या प्रवाशाला रांगेत उभं राहावं लागत नसे.

रंगूनहून पुढे, देशाच्या आत, लोक कसे जात?

इथं दुसरी मोठी कंपनी येते : इरावदी फ्लोटिला. १८६५ मध्ये स्थापन झालेली ही ग्लासगोची कंपनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सहाशेहून अधिक लहानमोठ्या नौका चालवत होती आणि वर्षाला ऐंशी-नव्वद लाख प्रवासी नेत होती. नदीवरचा एवढा मोठा खासगी ताफा तेव्हा जगात दुसरा नव्हता. लाल धुराडं आणि त्याला काळा काठ, ही तिची ओळख.

तिच्या सर्वांत मोठ्या बोटी 'सियाम' वर्गाच्या. ३२६ फूट लांब, दोन्ही कुशींना पाणी कापणारी चाकं, ४,२०० प्रवाशांचा परवाना. एवढी बोट असूनही ती चार-पाच फूट पाण्यात तरंगू शकत असे, कारण उन्हाळ्यात इरावदीत काही ठिकाणी त्याहून जास्त पाणीच नसे. या बोटी स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला, डेनी यांच्या कारखान्यात बांधल्या जात. तिथं एकदा जोडायच्या, मग सुट्या करून जहाजात भरायच्या आणि रंगूनसमोरच्या डल्ला गोदीत पुन्हा रिव्हेट मारून उभ्या करायच्या.

रंगूनमधून निघालेली बोट ट्वान्टे कालव्यातून इरावदीला लागे. वर मंडालेपर्यंत आणि मंडालेहून दुसऱ्या बोटीनं चीनच्या सरहद्दीजवळच्या भामोपर्यंत जाता येई. पश्चिमेला बसीनची बोट रात्रभर खाड्या-खाड्यांतून चाले. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोघे खलाशी रंगीत पट्टे रंगवलेल्या लांब बांबूंनी पाणी मोजत उभे असत आणि दर मापाला आकडा गाऊन सांगत. सारंग, म्हणजे खलाशांचा प्रमुख, वर चाकाशी, त्याचा कान त्या गाण्याकडे. सूर बदलला की चाक फिरलंच. दर पावसाळ्यानंतर नदी नव्या जागेवरून वाहायची, म्हणून बांबूच्या खुणा रोवून वाट पुन्हा आखावी लागे. रात्री मोठ्या सर्चलाइटचा झोत एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर फिरायचा.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतात त्या बाजारबोटी. सावकाश जाणाऱ्या, प्रत्येक गावाला थांबणाऱ्या. डेकवर दुकानदारांच्या कायमच्या जागा असत. कापड, कंदील, सुकी मासळी, बिस्किटं, शिवणाचे दोरे असं सगळं तिथं मिळे. बोटीचा भोंगा झाला की गाव काठावर येई, घासाघीस होई, तासाभरात बाजार उठून पुढच्या गावाला जाई. या दुकानदारांत बायका बऱ्याच. ब्रह्मी बायका व्यापार किती सफाईनं करतात याचं आपल्याकडच्या प्रवाशांना मोठं अप्रूप वाटे.

बोटींवरचे खलाशी कुठले?

इरावदीच्या बोटींवर सारंगापासून खालपर्यंत मुख्यतः चितगावचे मुसलमान. ब्रिटिश कॅप्टन फक्त मोठ्या बोटींवर, बाकी कितीतरी बोटी सारंगाच्याच ताब्यात. बी.आय.च्या समुद्रबोटींवर डेकवर नोआखाली-चितगावचे, इंजिनात सिल्हेटचे, आणि सलूनमध्ये वाढपी, बटलर, आचारी म्हणून बरेचदा गोव्याचे. सारंगाखाली तांडेल, मग सुकाणू धरणारा सुकाणी, कोठार सांभाळणारा कसब, खलाशी, खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी आणि सर्वांत खाली झाडू मारणारा टोपाझ, अशी उतरंड होती.

मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ.च्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान खलाशी मोठ्या संख्येनं होते. गोव्याच्या दर्यावर्दींची मुंबईत गावागावांची 'कूड' असत, तिथं ते पुढची बोट मिळेपर्यंत राहत. पगार गोऱ्या खलाशाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास. कोळसा ओढणाऱ्याचं काम उन्हाळ्यात उपसागरावर काय असेल, याची कल्पनाही करवत नाही.

आपल्या लोकांची कंपनी नव्हती का?

होती, आणि तिचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराज शिंद्यांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही तिची पहिली बोट. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन.

सिंदियाची खरी लढाई झाली ती रंगूनच्या तांदळावरून. ब्रह्मदेश तेव्हा वर्षाला तीस लाख टनांच्या घरात तांदूळ बाहेर पाठवत होता, जगात सर्वांत जास्त, आणि त्याचा मोठा वाटा हिंदुस्थानात येई. सिंदियाच्या बोटी या धंद्यात उतरताच बी.आय.नं भाडं पाडलं. रंगून–मुंबई तांदळाचं भाडं टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आलं. नव्या कंपनीचा श्वास कोंडायचा तो डाव होता. १९२३ मध्ये तह झाला, पण त्यात सिंदियाच्या पायात मर्यादांची बेडी पडली. किती टनांच्या बोटी ठेवायच्या, कुठला धंदा करायचा, हे बी.आय.च्या मर्जीनं ठरू लागलं. वालचंदांनी तो तह नाइलाजानं मानला आणि पुढची वीस वर्षं तो सैल करत राहिले. सिंदियाच्या बोटींची नावं 'जला'नं सुरू होत, ती पद्धत स्वातंत्र्यानंतरही टिकली.

प्रवासी वाहतुकीत चितगावच्या व्यापाऱ्यांनी १९२८ मध्ये बंगाल बर्मा स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून चितगाव–रंगून मार्गावर आव्हान दिलं. तिथंही तोच खेळ झाला. तिकिटं स्वस्त करून नव्याला दमवायचं.

१९३० मध्ये रंगूनच्या धक्क्यावर काय घडलं?

मे १९३० हा रंगूनचा सगळ्यांत वाईट महिना. ५ मे रोजी पेगूला मोठा भूकंप झाला, रंगूनमध्येही पडझड झाली. याच सुमारास गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली. काही दिवसांतच बोटींवर माल चढवणाऱ्या तेलुगू हमालांनी मजुरी वाढवण्यासाठी संप केला. बोट कंपन्यांच्या ठेकेदारांनी संप मोडायला ब्रह्मी मजूर आणले. या मजुरांना धक्क्यावरचं काम पहिल्यांदाच मिळत होतं. तिकडं भाताचे भाव पडायला लागले होते आणि खेड्यांतून लोक शहराकडे येत होते.

मग तडजोड झाली, थोडी वाढ देऊन तेलुगू हमालांना परत बोलावलं गेलं. ब्रह्मी मजुरांना मात्र कुणी काही सांगितलंच नाही. २६ मेच्या सकाळी ते नेहमीप्रमाणे कामावर आले आणि त्यांना परत जायला सांगण्यात आलं. टोमणे, धक्काबुक्की आणि मग सुरे. काही तासांत दंगल शहरभर पसरली. पुढच्या काही दिवसांत शंभराहून अधिक माणसं मेली, जखमींची संख्या शेकड्यांत गेली, आणि मेलेले बहुतेक तेलुगू मजूर होते. हजारो लोक आसऱ्याला धावले आणि नंतर घरी जाणारी मिळेल ती बोट धरू लागले.

ही दंगल 'ब्रह्मी विरुद्ध भारतीय' अशी सांगितली जाते. धक्क्यावरून बघितलं तर आधी दिसते ती मजुरी पाडण्याची जुनी युक्ती. दोन उपाशी गटांना एकाच शिडीवर समोरासमोर आणलं ते त्या दोघांनीही नव्हे. मजुरांच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशननं त्यानंतर रंगूनच्या मजुरांच्या खोल्या आणि कामाची पद्धत तपासली. खोल्यांतली गर्दी इतकी होती, की पाळीनं झोपावं लागे.

मंदीचा बोटींवर परिणाम झाला का?

झाला. भाताचे भाव १९३०-३१ मध्ये कोसळले आणि काही काळ रंगूनला येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले. गहाणातल्या जमिनी चेट्टियारांकडे गेल्या. त्रिभुज प्रदेशातल्या मुख्य भातजिल्ह्यांत १९३० मध्ये सुमारे ६ टक्के असलेली त्यांची जमीन १९३८ पर्यंत २५ टक्क्यांवर पोचली. जुलै १९३८ मध्ये पुन्हा दंगली उसळल्या, आणि परतीच्या बोटींवर पुन्हा गर्दी झाली.

थिबा राजाच्या कुटुंबाचा या बोटींशी काय संबंध?

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला, थिबाला, मंडालेच्या काठावरून इरावदी फ्लोटिलाच्या 'थूरिया' बोटीवर चढवलं आणि रंगून, मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. १९१६ मध्ये तो तिथंच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली आणि १९२५ मध्ये तिथं वारली. मंडालेला जायची परवानगी तिला शेवटपर्यंत मिळाली नाही. जिथून बोटीत चढली, तो काठ तिनं पुन्हा पाहिला नाही.

उलट दिशेनं गेलेले लोकमान्य टिळक. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, १९२५ मध्ये, सुभाषचंद्र बोस यांना कलकत्त्याहून त्याच तुरुंगात नेलं, आणि टिळक इथं राहिले होते हे त्यांनी फार आदरानं लिहून ठेवलं आहे.

रेल्वे किंवा विमान नव्हतं का?

हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांना जोडणारी रेल्वे कधीच झाली नाही. मधल्या डोंगररांगांची पाहणी झाली, काम झालं नाही. विमान १९३० च्या दशकात कलकत्त्याहून रंगूनला जाऊ लागलं, पण ते डाकेसाठी आणि मोजक्या श्रीमंतांसाठी. सामान्य माणसाला बोटीवाचून पर्याय नव्हता. ते १९४२ मध्ये फार महागात पडलं.

या बोटींचा शेवट कसा झाला?

२३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. धक्क्यावरचे हमाल शहर सोडून पळाले आणि बंदर ठप्प झालं. पुढच्या आठवड्यांत सुमारे सत्तर हजार लोक बोटींनी निसटले. बोटीत जागा मिळण्याचा क्रम तोच जुना होता, तिकिटाला पैसे असलेला आणि ओळख असलेला आधी. ८ मार्च १९४२ ला जपानी रंगूनमध्ये शिरले. त्याआधी आणि त्यानंतर मिळून चार लाखांहून अधिक भारतीय आराकानच्या आणि आसामच्या डोंगरांतून चालत निघाले. त्यांतले हजारो वाटेत कॉलऱ्यानं, हिवतापानं, उपासानं मेले.

इरावदीच्या बोटी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून कंपनीनंच बुडवल्या. एप्रिल-मे १९४२ मध्ये मंडालेजवळ शंभराच्या आसपास बोटी एकापाठोपाठ एक तळाला गेल्या. ज्या सारंगांनी आयुष्यभर त्या गाळातून वाचवल्या, त्यांतले कितीतरी तिथूनच चितगावकडे पायी निघाले. 'अस्का' १९४० मध्येच ब्रिटिश समुद्रात बॉम्बनं गेली होती, 'आम्रा' रुग्णालयबोट झाली आणि वाचली. इरावदी फ्लोटिलाचं १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. तिची पानसोडान रस्त्यावरची कचेरी अजून उभी आहे, आणि तिथं सरकारी जलवाहतूक खातं आहे.

आमचे पणजोबा रंगूनला गेले होते. त्यांचं नाव कुठल्या यादीत सापडेल?

डेकवरून गेले असतील तर बोटीच्या यादीत नाव सापडण्याची आशा कमी. हा देशातल्या देशातला प्रवास असल्यामुळे १९२२ चा परदेशगमन कायदा त्याला लागू नव्हता, म्हणून मलाया किंवा फिजीला गेलेल्या मजुरांसारखी कागदपत्रं इथं तयार झाली नाहीत. डेकवरची माणसं संख्येनं मोजली गेली, नावानं नाही. इंग्लंड–रंगून बोटींच्या याद्या मात्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यांत सापडतील ते साहेब लोक.

त्यापेक्षा घरात शोधा. मनीऑर्डरच्या पावत्या, रंगूनचा शिक्का असलेली पाकिटं, रंगून विद्यापीठाची प्रमाणपत्रं, स्टुडिओतले फोटो. फोटोच्या पुठ्ठ्यावर मागं छापलेला स्टुडिओचा पत्ता कित्येकदा साल आणि वस्ती दोन्ही सांगतो. सरकारी नोकरीत असतील तर ब्रह्मदेशच्या सिव्हिल लिस्टमध्ये, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, नाव मिळू शकतं, रेल्वेत किंवा टपालखात्यात असतील तर त्या खात्याच्या नोंदींत. १९४२ मध्ये चालत परतलेल्या कुटुंबांनी नंतर नुकसानभरपाईचे अर्ज केले होते. तसा अर्ज किंवा त्याची नक्कल घरात निघाली तर जपून ठेवा. त्यात घराचा पत्ता, सामानाची यादी, कधीकधी प्रवासाच्या तारखाही असतात. आणि घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल, लहानपणी त्या वाटेनं आलेलं, तर कागद नंतर शोधा, आधी त्यांच्याशी बोला.